सूत कुठे अडलं होतं? तंत्रज्ञान आणि समाज यांबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपुरातच इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासाने मानवी संस्कृतीवर काय परिणाम केला, यावर त्यांना वर्गात पंधरा मिनिटं बोलायचं आहे. जे वाचलं त्यात आग, चाक, छपाई, वाफ, संगणक हीच माळ सगळीकडे सापडली. वर सरांनी विचारलंय की तंत्रज्ञान समाज घडवतं की समाज तंत्रज्ञान? तर सगळ्यात मोठा शोध कोणता धरू, सरांना काय उत्तर देऊ, आणि नागपुरात यातलं दाखवण्यासारखं काही आहे का?

‘सगळ्यात मोठा शोध’ आधी सोडून द्या. त्यावर भांडण छान रंगतं, पण कळत काहीच नाही. अशा यादीत शोध लागल्याचं साल असतं. तो शोध माणसांच्या हाताशी यायला किती काळ गेला, वाटेत कोण अडलं, कोणाचं काम गेलं, बिघडल्यावर दुरुस्त कोण करत होतं, हे त्या यादीत कधीच नसतं. तुम्ही इंजिनीअर होणार आहात. उद्या तुमचा सगळा पगार याच मधल्या भागाचा असणार आहे.

माझी उमेदीची वर्षं सूतगिरणीच्या मेंटेनन्स खात्यात गेली, नंतर पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. गिरणीत उत्पादन कमी पडलं की पहिला प्रश्न एकच असतो: माल कुठे अडलाय? कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरणं, मागे पडत असेल तर पुढे रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातणारी यंत्रं, वाढवून काही होत नाही, त्या नुसत्या उभ्या राहतात. इतिहासही मी याच सवयीने वाचतो. एखादं यंत्र आलं की त्याच्या आधी कुठे अडलं होतं ते बघायचं, आणि ते मोकळं झाल्यावर पुढे कुठे अडलं तेही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही किती लांबून बघता यावर ठरतं. हजार वर्षांच्या अंतरावरून पाहिलं तर तंत्रज्ञानच सगळं ठरवतंय असं दिसतं. दहा-वीस वर्षांच्या अंतरावरून पाहिलं तर माणसं ठरवताना दिसतात, तीही एकमेकांच्या उलट. दोन्ही खरं आहे. म्हणून भाषणात आधी सांगा की तुम्ही किती अंतरावरून बोलताय.

लांबून बघायचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इ.स.पूर्व ७०० च्या आसपासची. मातीच्या विटांची लहानशी भट्टी, भात्याची हवा आत नेणारी मातीची नळी, आजूबाजूला लोहकीट, म्हणजे खनिजातून गळून पडलेला मळ. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात. एवढी उष्णता त्या भट्टीत होत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. कोळशाच्या धगीत अकराशे-बाराशे अंशांवर खनिजातला प्राणवायू निघून जातो, कीट पातळ होऊन वाहतं आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. तो तापवून ठोकत बसायचं. म्हणजे भट्टी हे अर्धंच काम. कोळशाला लाकूड, खनिज आणणारे, भाता चालवणारे आणि ठोकणारे हात, एवढं सगळं जुळलं तर कुऱ्हाड. विदर्भातल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांत, सापडणाऱ्या चपट्या कुऱ्हाडींवर दांड्याला घट्ट बांधायच्या लोखंडी पट्ट्याही मिळतात. इथल्या लोहारांची ही खास ओळख आहे.

आता गंमत बघा. लोखंड इतक्या लवकर आलं, पण शहरं लगेच उभी राहिली नाहीत. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीला मोठे स्तूप दिसतात ते इ.स.पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराला. मध्ये चार-पाचशे वर्षं गेली. शेती पसरायला, व्यापाराचे रस्ते जुळायला, राज्यं उभी राहायला एवढा वेळ लागला. लोखंडाने शहर ‘आणलं’ असं म्हणणं फार सोपं करून सांगणं होईल. लोखंडामुळे ते शक्य झालं, इतकंच म्हणता येतं.

जवळून बघायला मी सूत घेतो, कारण ते मला हाताने माहीत आहे. भाषणातही तेवढं एकच घेतलंत तरी पुरे.

हातमागावर एक विणकर चालवायला साधारण चार ते आठ कातणारे हात लागायचे. अडचण कातण्यातच होती. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन केने धावता धोटा (आडवा धागा झटक्यात पलीकडे नेणारं साधन) काढला, विणकर आणखी वेगाने विणू लागला आणि सुताची टंचाई वाढली. मग तीस-चाळीस वर्षांत सगळी अक्कल कातण्यावर लागली: हारग्रीव्हजची जेनी, १७६९ साली आर्कराइटचं पाणचक्कीवरचं यंत्र, १७७९ साली क्रॉम्प्टनचं म्यूल. शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो कापसाचं बारीक सूत काढायला अठराव्या शतकातल्या हातकताईत ५० हजारांहून जास्त तास लागत. क्रॉम्प्टनच्या म्यूलवर ते काम २,००० तासांवर आलं, वाफ जोडल्यावर १७९५ च्या सुमारास ३०० वर, आणि १८२५ च्या स्वयंचलित म्यूलवर १३५ तासांवर. भाषणात एखादा आकडा सांगायचा तर हाच सांगा.

सूत मोकळं झालं, मग विणकाम अडलं. म्हणून यंत्रमाग आला. तोही धावू लागल्यावर कापूस अडला. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढणं फार किचकट काम होतं. १७९३ साली व्हिटनीच्या जिनने, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राने, ते सुटलं. आपल्याकडे दोन रुळांची लाकडी चरकी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण तो कापूस वेगळा, तिथला वेगळा. जिनमुळे तिथे कापूस लावणं भलतंच फायद्याचं झालं आणि आता लावणारे-वेचणारे हात अडले. ते कसे मिळवले? १७९० साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली जवळपास चाळीस लाख. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने गुलामगिरी वाढवली. यंत्राने मालकाला हे करायला भाग पाडलं असं मी म्हणणार नाही. कायदा, बाजार आणि माणसांची लालसा तिथे तयारच होती, यंत्राने तिला भाव मिळवून दिला.

पुढची गाठ आपल्या दारात येते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला, इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्या थंडावल्या आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ सालीच निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला होता, कापूस डोळ्यासमोर ठेवूनच. पण हा कापूस बैलगाडीने मुंबईला पोचायला महिने लागायचे, वाटेत भिजायचा, त्यात माती मिसळायची. आता वाहतूक अडली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली १८६७ साली, म्हणजे युद्ध संपून भाव कोसळल्यावर. रूळ मात्र राहिले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे फार वेळा घडतं: ज्या कारणासाठी बांधलं ते संपतं आणि बांधलेलं दुसऱ्याच कामाला लागतं.

ते दुसरं काम म्हणजे १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल. मुंबईत तोवर गिरण्या होत्या. जमशेटजी टाटांचा हिशोब वेगळा होता: कापूस मुंबईला नेण्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ न्यायची. कोळसा चांदा जिल्ह्यातून जवळ, स्टेशन जवळ, गिऱ्हाईक जवळ. जुम्मा तलावाशेजारची दलदलीची जमीन स्वस्तात घेऊन भर घातली. ती जमीन बघून एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला होता, अशी गोष्ट आजही सांगतात. आज तिथे मॉल आहे, तुम्ही पिक्चर बघायला गेलाच असाल. व्यवस्थापक म्हणून आणलेले बेझनजी मेहता रेल्वेतले गृहस्थ होते, त्यांना गिरणीचं काम मुळीच येत नव्हतं. तांत्रिक बाजू ब्रुक्सबी नावाच्या इंग्रजाकडे होती. सुरुवातीला यंत्रं स्वस्तातली घेतली, सूत निकृष्ट निघालं, ती बदलावी लागली. आणि मग १८८३ साली या गिरणीत रिंग फ्रेमचे प्रयोग सुरू झाले. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं, म्हणून हे यंत्र जरा जवळून सांगतो.

चरख्यावर कातताना सूत चातीच्या, म्हणजे फिरणाऱ्या टोकदार सळीच्या, टोकावरून तिरकं धरलं की त्याला पीळ बसतो. हातभर सूत झालं की थांबायचं, धागा चातीशी काटकोनात आणायचा आणि गुंडाळायचा. पीळ, थांबा, गुंडाळणी, पुन्हा पीळ. म्यूलने नेमकं हेच शेकडो चात्यांवर एकदम केलं: चात्यांचा गाडा पाचेक फूट बाहेर येतो तेव्हा सूत ताणलं जातं आणि पीळ बसतो, गाडा आत जातो तेव्हा गुंडाळलं जातं. रिंग फ्रेममध्ये हे थांबणंच नाही. प्रत्येक चातीभोवती एक गुळगुळीत पोलादी कडं असतं आणि त्याच्या कडेवर नखाएवढा तारेचा आकडा बसवलेला असतो. त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. वरच्या रुळांतून आलेलं सूत त्या आकड्यातून ओवलेलं, तिथून ते बॉबिनवर. चाती फिरली की सूत आकड्याला ओढत कड्यावर गरागरा फिरवतं. आकड्याच्या एका फेऱ्याला सुताला एक पीळ. पण घर्षणामुळे आकडा चातीच्या किंचित मागे राहतो आणि जेवढा मागे राहतो तेवढं सूत बॉबिनवर चढतं. पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी. सुताच्या जाडीप्रमाणे या आकड्याचं वजन मिलिग्रॅममध्ये बदलावं लागतं. हलका पडला तर सूत फुगून शेजारच्या चातीला जाऊन घासतं, जड पडला तर तुटतं. सगळ्या खात्याची भिस्त त्या नखाएवढ्या तारेवर.

रिंगचा शोध अमेरिकेतला, १८२८ चा. म्हणजे ती नागपुरात आली तेव्हा पन्नास वर्षं जुनी होती. लँकेशायरला ती माहीत नव्हती असं मुळीच नाही. तरीही तिथले मालक विसाव्या शतकात शिरेपर्यंत आणि पुढेही म्यूलला धरून राहिले. त्यात अडाणीपणा नव्हता. म्यूल चालवणारे पिढीजात कसबी लोक त्यांच्याकडे होते, त्यांच्या संघटना भक्कम होत्या, बारीक सुतात म्यूल सरस होतं. शिवाय कातणारी गिरणी एका गावात, विणणारी दुसऱ्या गावात. म्यूलचं सूत हलक्या कागदी नळीवर पाठवता येई, रिंगचं सूत जड लाकडी बॉबिनवर. नागपुरात यातलं काहीच नव्हतं. म्यूलचं कसब असलेला कामगार नव्हता, नवशिक्या हाताला रिंग लवकर जमते, सूत जाडं-मध्यम लागणार आणि कातणं-विणणं एकाच आवारात. तेच यंत्र, तेच साल, दोन ठिकाणी दोन उलट निर्णय, आणि दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचे. तंत्रज्ञान स्वतःच सगळं ठरवत असतं तर हे व्हायला नको होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. यंत्र एकदा बसवलं की ते आपल्या अटी घालतं. लँकेशायरची हवा मुळात दमट, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. रिंग खात्यात तो साधारण ५५-६० ठेवावा लागतो, नाहीतर सुताचा दम जातो. दमट हवेचा प्लांट दुपारी बंद पडला की दहा मिनिटांत जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दारात उभा: “साहेब, सूत लय तुटून राह्यलं जी.” एम्प्रेसमध्ये जमशेटजींनी हवा दमट ठेवायची सोय करून घेतली होती, ती हौस म्हणून नव्हे.

हवेपेक्षा कठीण अट वेळेची होती. वाफेचं इंजिन सुरू झालं की सगळ्या चात्या एकदम फिरतात, एक माणूस उशिरा आला म्हणून इंजिन थांबत नाही. पेरणी, कापणी, सण, लग्न यांवर चालणाऱ्या माणसाला भोंग्यावर चालायला लावायचं होतं. एम्प्रेसमध्ये रोज पाचातला एक कामगार गैरहजर असणं ही साधी गोष्ट होती. दंड हा उपाय सगळ्यांना सुचतो. तिथे निवृत्तिवेतनाचा फंड सुरू केला १८८६ साली आणि अपघाताची भरपाई १८९५ साली, दोन्ही कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. सरकारचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम, एवढीच मोठी सवलत. यंत्राने वेळेची मागणी केली हे खरं. त्या मागणीचं काय करायचं, हे माणसांनी ठरवलं. कोणी फंड काढला, तर कोणी सात वर्षांच्या मुलाला नऊ तास उभं केलं.

आणि किंमत कोणी मोजली? ‘यंत्राने विणकर देशोधडीला लागला’ असं सरसकट लिहिलेलं वाचाल, ते जरा सांभाळून घ्या. आधी आणि पुरती बुडाली ती हातकताई. ती करत होत्या बहुतेक बायका, घरातली कामं सांभाळून, जवळपास सगळ्या जातींतल्या. विलायती सुताने ती आधीच मागे पडत होती, रेल्वेने आणि गिरणीने तिचा उरलासुरला बाजारही गेला. त्या बायकांचा मोर्चा निघाला नाही, कारण त्यांना कामगार म्हणून कोणी मोजलंच नव्हतं. विणकरांचं तसं झालं नाही. नागपूरच्या कोष्टी आणि मोमीन विणकरांनी गिरणीचंच सूत घेऊन मागावर लुगडी काढली. त्यांच्या हलाखीचा काळ पुढे आलाच, पण गिरणीबरोबर लगेच नाही. तांडापेठ, गोळीबार चौकाकडे माग पुढेही पिढ्यानपिढ्या चालत राहिले. एकाच यंत्राने एका घरातल्या कातणारीचं काम घेतलं आणि शेजारच्या विणकराला स्वस्त सूत दिलं.

छपाईबद्दल विचाराल तर थोडक्यात सांगतो. चीनमध्ये बी शेंगने मातीचे सुटे खिळे केले १०४० च्या दशकात, गुटेनबर्ग आला चारशे वर्षांनी. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत छापलं गेलं, पण रोमन लिपीत. पहिलं मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’ निघालं १८३२ साली. यंत्र हाताच्या अंतरावर असून पावणेतीनशे वर्षं मराठी वर्तमानपत्र निघालं नाही, कारण देवनागरीचे खिळे, वाचक आणि छापून विकायची गरज, यातलं काही एकत्र आलं नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही हेच विचारा: कोणाचा तास वाचतोय, कोणाचा न मोजलेला तास बुडतोय, आणि आता पुढे कुठे अडणार आहे.

बघायला कुठे जायचं? नायकुंडला आज डोळ्यांना दिसण्यासारखं फार काही नाही. काटोल रोडकडे जुनापाणीची शिळावर्तुळं बघा, आणि अजब बंगल्यातलं पुरातत्त्वाचं दालन. हे संग्रहालय १८६३ चं, रेल्वेपेक्षा जुनं. रेल्वेसाठी मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय. पण एकच दिवस असेल तर वर्ध्याला जा, मगन संग्रहालयात. गांधीजींच्या हस्ते ते १९३८ साली उघडलं आणि तिथे चरख्यांचे इतके प्रकार आहेत की मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याचा पाय निघू नये.

जाण्याआधी एक गोष्ट वाचून जा. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा: यंत्र झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं. बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता यावं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) १६ हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट ठेवलं तर वीस वर्षं टिकावं आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. मी नोकरीत पुष्कळ स्पेसिफिकेशनं वाचली, पण चालवणाऱ्या बाईचा थकवा आणि दुरुस्तीची टक्केवारी एकाच कागदावर लिहिलेली दुसरी पाहिली नाही. सरांना ‘समाज तंत्रज्ञान घडवतो’ याचा नमुना द्यायचा तर हा कागद द्या.

ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. १६ हजार फूट म्हणजे पाच किलोमीटरच्या जरा आत. कातून-थांबून-गुंडाळायच्या पद्धतीने एका चातीवर तेवढं निघत नाही, चात्या वाढवल्या की यंत्र नाजूक आणि महाग होतं. पुढे १९५० च्या दशकात अंबर चरखा पसरला, त्यात ही अडचण बरीचशी सुटली. वर्ध्याला तो दिसला की वाकून त्याच्या चातीजवळ बघा. वर सूत ताणणारे छोटे रूळ आहेत, खाली चातीभोवती पोलादी कडं, आणि कड्यावर तोच तारेचा आकडा. गिरणीतली रिंगच खादीच्या चरख्यात येऊन बसली आहे.